पडलं ते पडलं

सोनमची टॅक्सी साडेसहाला येणार होती. विमान रात्री उशिराचं होतं, पण रविवारी संध्याकाळी राजाजीनगरहून देवनहळ्ळीच्या विमानतळाला किती वेळ लागेल हे छातीठोकपणे सांगणारा माणूस बेंगळुरात अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे महांतेशच्या हातात दुपारी दोन ते साडेसहा एवढाच वेळ होता आणि तेवढ्यात त्याला अडीच वर्षं चाललेली गोष्ट संपवायची होती. आठवडाभर कामावरून आल्यावर त्याने त्यासाठी कागद काळे केले होते. कागदावर सगळं बसत होतं. या शहरात कागदावर सगळंच बसतं.

महांतेश मूळचा अथणीचा, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलत वाढलेला. होसकोटेला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. दर रविवारी एक बस आणि दोन मेट्रो करून तो राजाजीनगरला यशोवर्धनच्या घरी खेळायला यायचा. यशोवर्धनचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे त्याची मराठी मधूनच कन्नडच्या गल्लीत शिरून पलीकडून बाहेर यायची. त्याची बायको चंदना, सोनम आणि महांतेश, असे हे चौघं.

आज महांतेश दीडलाच हजर होता. सोनम उगवली साडेतीनला.

"सॉरी, सॉरी, सॉरी! आमच्या ओनर आंटी डिपॉझिट द्यायच्या आधी प्रत्येक भिंतीसमोर उभ्या राहून खिळे मोजत होत्या. सीरियसली!"

"असू दे की. बस आता," महांतेश म्हणाला. दोन तास त्याने चंदनाच्या चकल्या खात घड्याळाकडे बघत काढले होते आणि त्याला चकली आवडत नसे.

सोनमने खुर्ची ओढताना त्याची पाठीवरची बॅग पायाने बाजूला सरकवली. आतून बारीकसा किणकिण आवाज आला.

"काय आहे रे यात?"

"डबा," महांतेश घाईने म्हणाला आणि बॅग आपल्या पायांत ओढून घेतली.

डबा नव्हता. पण ते नंतर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगायला हवं. तिघं जण एकेक पात्र घेतात. यशोवर्धनचा एक बढाईखोर सरदार होता, चंदनाची एक कुलुपं फोडणारी चोरटी, आणि सोनमची शमिका नावाची वैद्य. चौथा माणूस खेळवतो. डोंगर, नद्या, राजे, राक्षस, ऊन, पाऊस, सगळं तोच. त्याला गेम मास्टर म्हणतात आणि त्या मास्टर शब्दाला भुलून लोक ते काम पत्करतात. खरं तर त्याची गत लग्नातल्या मुलीच्या बापासारखी असते. राबायचं त्याने आणि नावं ठेवायची इतरांनी.

आणि प्रवासाचा एक नियम असतो. वाटेतल्या प्रत्येक पल्ल्याला सहा बाजूंचा फासा टाकायचा. दोनपासून सहापर्यंत काहीही पडलं तर वाट मोकळी. एक पडला तर कोणीतरी आडवं येतं. कोण येतं, ते बारा बाजूंचा दुसरा फासा ठरवतो. बारा प्रकारची संकटं आधीच लिहून ठेवलेली असतात. मुख्य गोष्टीशी त्यांचा काडीचा संबंध नसतो, तरी ती येतात आणि त्यांना तोंड द्यावं लागतं. महांतेश बाकीचं सगळं पुठ्ठ्याच्या आडोशामागे मांडून बसायचा, पण हा वाटेचा फासा मात्र टेबलाच्या मधोमध, यशोवर्धनच्या वडिलांच्या जुन्या पितळी पानाच्या तबकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाकायचा. हा रिवाज त्याचाच. कारखान्यात साहेब लोक तोंड बघून चुकलेलं माप सोडतात, याचा त्याला मनस्वी संताप होता. निदान रविवारी तरी माप म्हणजे माप. पडलं ते पडलं.

या रिवाजाने ठकुबाईचा जीव घेतला होता.

ठकुबाई म्हणजे सोनमचं पहिलं पात्र. सोनम फलटणकडची, धनगराच्या घरातली. आजीचं नाव तिने पात्राला दिलं होतं. हातात भाला, मागे मेंढरं, पुढे गळ्यात घंटा बांधलेला एक म्हातारा मेंढा. ही ठकुबाई कोणाला हार जायची नाही. दीड वर्षापूर्वी एका साध्या बाजाराच्या वाटेवर, नदीच्या उतारात, तबकात एक पडला. मागोमाग तरसांची टोळी आली. सोनमचे फासे त्या दिवशी असे उलटे पडत गेले की बघवेना. ठकुबाई कोसळली आणि पाण्याबरोबर वाहून गेली. ना लढाई, ना शत्रू, ना कारण. सोनमने फक्त एकदा विचारलं होतं, परत टाकूया का? महांतेश म्हणाला, पडलं ते पडलं. सोनम उठून स्वयंपाकघरात चंदनाजवळ जाऊन बसली. पुढच्या रविवारी ती शमिकाला घेऊन आली आणि ठकुबाईचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

महांतेशच्या मनातून मात्र ते जाईना. नियम चुकला असं त्याला वाटत नव्हतं, पण सोनमचा त्या दिवशीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग त्याने काय केलं, तर फाशाला हात न लावता वाट शोधली. प्रेत कुठं सापडलं होतं? वाहून गेलं होतं. नदी जाते गडाखालून. गडाच्या मालकाने तिला काढलं असेल, कोंडलं असेल. दीड वर्ष तो गोष्ट हळूहळू त्या गडाकडे वळवत होता. मोठ्या दारामागे ठकुबाई उभी होती, जिवंत. आज दार उघडायचं होतं. त्यासाठी त्याने अथणीच्या आठवडी बाजारातून मेंढ्याच्या गळ्यातली खरी घंटा आणली होती. दार उघडताना ती वाजवायची आणि मग गप्प बसायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. तीच घंटा दोन रुमालांत गुंडाळून बॅगेत होती.

आणि हे आजच व्हायला हवं होतं, कारण सोनम जर्मनीला चालली होती. दोन वर्षांसाठी, म्हणजे बहुधा कायमची. ऑनलाइन खेळू, असं ती म्हणत होती. दयानंदही तेच म्हणाला होता. पूर्वी यांच्यात तो पाचवा होता. कॅनडाला जायच्या आदल्या रविवारी महांतेशने त्याची गोष्ट झकास संपवून दिली होती. गादी, राज्य, राज्याभिषेक, सगळं यथासांग. दयानंद दोनदा स्क्रीनवर आला, तिसऱ्यांदा त्याच्याकडे बर्फ पडला होता, आणि आता तो फक्त वाढदिवसाला अंगठा पाठवायचा. गेलेला माणूस टेबलावर परत येत नाही, हे महांतेश तेव्हाच शिकला होता.

त्यामुळे त्याने वेळ न दवडता सुरुवात केली. "तर तुम्ही तिघं गडाच्या दाराशी पोचलाय."

"आँ?" यशोवर्धनने चकली खाली ठेवली. "पोचलो कसं, गुरू? मागच्या वेळी घाटाखालच्या गावात होतो की आपण. मध्ये पाच पल्ले आहेत. नकाशा तूच काढलास."

"ते धरून चालू की. आज वेळ नाही."

"पाच फासे व्हायचे आहेत, भावजी," चंदना म्हणाली आणि तबक मधोमध सरकवून ठेवलं.

तो नकाशा महांतेशने दोन महिन्यांपूर्वी काढला होता, सोनमचं जाणं ठरायच्या आधी. तेव्हा पाच पल्ले त्याला कमीच वाटले होते. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं मनात म्हणत त्याने फासा उचलला. सहांत एकदाच एक पडतो. काळजीचं कारण नव्हतं.

फासा पितळेवर खणखणला आणि एकावर थांबला.

बारा बाजूंच्या फाशाने सांगितलं, पुलावरचा जकातवाला राक्षस. हा राक्षस महांतेशने कधीतरी फार खुशीत असताना लिहिला होता. पैसे घेत नाही, पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाकडून डाव्या पायातला जोडा घेतो. जोडा द्या, पूल ओलांडा, दोन मिनिटांचं काम. पण यशोवर्धनचा सरदार घासाघीस करायला लागला.

"एक जोडा तिघांत मिळून. चालेल?"

"नाही," महांतेश राक्षसाच्या आवाजात म्हणाला.

"बरं, माझा फाटका घे."

"यशोवर्धन, देऊन टाक की रे जोडा!" हे महांतेश स्वतःच्या आवाजात म्हणाला.

"थांब रे, स्वल्प बोलू दे. असा कसा देऊन टाकू? तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा प्रश्न अर्धा तास चालला. मध्येच यशोवर्धनचे वडील जयसिंगराव दारात आले. पाण्याचा टँकर आला आहे आणि कोणाची तरी स्कूटर आडवी आहे, म्हणाले. स्कूटर यशोवर्धनचीच होती. ती काढून तो परत आला तो नव्या दमाने आला. शेवटी तिघांचे डावे जोडे गेलेच. सोनम हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली होती. महांतेशला हसू आलं नाही. साडेचार वाजून गेले होते.

दुसऱ्या पल्ल्याला चार पडला. वाट मोकळी. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि एका दमात जंगल, ओढा, उतरण सगळं सांगून टाकलं. तिसऱ्या पल्ल्यावरून गड दिसू लागला. इथं त्याने जरा आवाज उतरवला.

"वारं गडाकडून येतंय. वाऱ्याबरोबर एक आवाज येतोय. लांबचा. मेंढराच्या गळ्यातल्या घंटेसारखा."

सोनमचा चकलीकडे गेलेला हात क्षणभर थांबला. मग तिने चकली उचलली आणि काही विचारलं नाही. आधीही दोन वेळा त्याने हा आवाज गोष्टीत पेरला होता आणि दोन्ही वेळा तिने तो कानाआड केला होता. महांतेशला वाईट वाटलं. एवढं जीव ओतून पेरावं आणि समोरच्याने चकली खावी.

मग त्या पल्ल्याचा फासा. एक.

"देवा!" महांतेश मोठ्याने म्हणाला.

वाटमारे आले. आठ जण. लढाईला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच, कारण प्रत्येक घावाला फासा, प्रत्येक जखमेची बेरीज, आणि एका पायात जोडा असल्यामुळे सरदार घसरतो की नाही यावर नवराबायकोत वाद. वाद रंगात असताना जयसिंगराव पुन्हा आले. फोनवर कोणा नातलगाच्या नातवाच्या मुंजीचे फोटो आले होते, ते उघडत नव्हते. महांतेशने ते उघडून दिले. मग ते बघावेही लागले. मुंजीत पुष्कळ लोक आले होते.

"कोण जिंकतंय?" जयसिंगरावांनी जाता जाता विचारलं. अडीच वर्षं ते दर रविवारी हेच विचारत होते.

"यात कोणी जिंकत नसतं, अप्पा," चंदना नेहमीप्रमाणे म्हणाली.

सव्वापाच झाले. महांतेशचं डोकं आता भणभणायला लागलं होतं. त्याला सगळ्यांचा राग आला होता. खिळे मोजणाऱ्या बाईंचा, तत्त्वाच्या सरदाराचा, टँकरचा, मुंजीचा, आणि सगळ्यांत जास्त त्या गुळगुळीत पिवळ्या फाशाचा, ज्याला दीड वर्षापूर्वी ठकुबाई पुरली नव्हती. ज्याने मारलं तोच आता तिला परत येऊ देत नव्हता. अजून दोन पल्ले होते. आता एक जरी पडला तर दार उघडणार नाही, सोनम टॅक्सीत बसून निघून जाईल, आणि ठकुबाई जन्मभर त्या दारामागे उभी राहील. हातातोंडाशी आलेला घास असा जाताना त्याला बघवत नव्हता.

"टेबलावर गर्दी झाली बघ," तो म्हणाला. त्याने तबक उचललं आणि आपल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मांडीपाशी घेतलं. चकल्यांची थाळी मध्ये सरकवली.

त्याने फासा टाकला. पितळ वाजलं. त्याने खाली पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "वाट मोकळी. तुम्ही पुढं निघालाय..."

"एक पडलाय की रे," मागून जयसिंगराव म्हणाले. ते फोन घेऊन कधी येऊन उभे राहिले होते कोणाला कळलं नव्हतं. मुंजीचा अजून एक फोटो आला होता. "चष्मा नाही मला, पण एकच ठिपका दिसतोय. एकाला काय म्हणता तुम्ही?"

यशोवर्धन हसला, पण ते हसू त्याने अर्ध्यावरच आवरलं. जयसिंगरावांना आपण काय केलं ते कळलं नाही, पण काहीतरी केलं एवढं कळलं, आणि ते फोन खिशात घालून हळूच निघून गेले.

सोनमने पेन्सिल खाली ठेवली. "महांतेश, तू वाट मोकळी म्हणालास."

त्याच्या कानशिलांना आग लागली होती.

"जाऊ दे गं," यशोवर्धन म्हणाला. "सुम्ने, नुसता टाइम वाचवला बिचाऱ्याने. काय बिघडलं?"

"नाही जाऊ दे. ठकुबाईच्या वेळी कोणी जाऊ दिलं नव्हतं." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "मी तेव्हा विचारलं होतं, परत टाकूया का. आठवतं? काय म्हणालास तू?"

"पडलं ते पडलं."

"घरी जाऊन रडले मी. एका गेमसाठी! माझ्या रूममेटला वाटलं, घरी कोणी गेलं. पण मग मला वाटलं, ओके, म्हणजे इथं जे होतं ते खरं असतं. ती खरंच गेली ना, म्हणून ती खरंच होती. ऑफिसमध्ये सगळे सारखं काहीतरी ॲडजस्ट करत असतात रे. डेट्स, रेटिंग, रिपोर्ट, सगळं. इथं मी एवढ्यासाठी यायचे की इथं तू बसलेला असायचास आणि तू काही ॲडजस्ट करायचा नाहीस. सगळ्यांना सांगायचे मी. आणि आज, लास्ट संडेला, तुझी स्टोरी पूर्ण व्हावी म्हणून तू..."

तुझी स्टोरी. महांतेशच्या जिभेवर उत्तर आलं होतं. माझी नाही, तुझीच आहे बाई, दीड वर्ष तुझ्यासाठीच घडवतोय, बॅग उघडून बघ. पण ते सांगितलं असतं तर सांगण्यातच ते संपलं असतं, आणि शिवाय ती खोटं थोडंच बोलत होती? त्याने कारखान्यातल्या साहेबांसारखंच तोंड बघून माप सोडलं होतं. तोंड सोनमचं होतं, एवढाच फरक. त्याला रडू आल्यासारखं झालं आणि त्याचाही राग आला.

त्याने तबक दोन्ही हातांनी उचललं, फासा हलू न देता, आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. एक ठिपका वर होता.

"एक आहे," तो म्हणाला. "दुसरा तू टाक."

सोनमने बारा बाजूंचा फासा घेतला आणि टाकला. महांतेशने आपल्या कागदावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वेताळ असता तर निदान बोलून वाटेला लावला असता.

"आग्या मोहोळ," तो म्हणाला.

मग त्याने मोहोळ उठवलं, आणि उठवताना कसलीही कसर ठेवली नाही. त्याच्या मनात जेवढा जाळ होता तेवढा सगळा त्या माश्यांना दिला. सरदार ढाल घेऊन उभा राहिला, माश्या ढालीच्या मागे गेल्या. चोरटीने गवत पेटवायला घेतलं, वारं उलटं फिरलं. वैद्य शमिका ओरडली, "नदी!" आणि तिघं नदीत कोसळले. पोहण्याचे फासे टाकले. तिघांचेही फसले. नदीने त्यांना घेतलं ते गडापासून दूर, उतरणीवरून, ओढ्याच्या संगमावरून, आले त्या वाटेने उलटं वाहत नेलं. महांतेश नकाशावर बोट फिरवत होता आणि गड मागे मागे जाताना बघत होता. खोटं बोलून वाचवलेला पल्ला तर गेलाच, आधीचे तीनही गेले.

"पुलाखाली एक केसाळ हात येतो," तो थकून म्हणाला, "आणि तुम्हाला मानगुटीला धरून एकेक करून वर काढतो."

"राक्षस!" चंदना किंचाळली.

"राक्षस म्हणतो, पूल ओलांडायचा असेल तर जकात. डावा जोडा तर मागेच घेतला होता." त्याने उसासा टाकला. "आता उजवा."

यशोवर्धन आधी फुटला. मग चंदना. सोनमने तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, पण तिचे खांदे हलत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कसलं होतं हे महांतेशला ओळखता आलं नाही. तो स्वतः हसला नाही. दोघांपाठोपाठ शमिकानेही वाकून उजवा जोडा काढला आणि राक्षसाच्या हातात दिला, आणि बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

मग एकदम घाई झाली. चंदनाने चकल्यांचा डबा सोनमच्या पिशवीत कोंबला. यशोवर्धनने मोठी बॅग उचलली. जयसिंगरावांनी फाटकाशी येऊन, "तिकडं थंडी फार, कान झाक गं," असं सांगितलं. महांतेश आपली बॅग खांद्याला लावून सगळ्यांच्या मागे उभा राहिला. घंटा कारण नसताना आणली होती. इथंच ठेवून गेलं तरी चाललं असतं, असं त्याच्या मनात येत होतं.

सोनम टॅक्सीत बसता बसता थांबली आणि त्याच्यापाशी आली.

"सॉरी," तो म्हणाला. "फासा लपवायला नको होता मी. चुकलंच ते."

"हो. चुकलं." तिने त्याच्या बॅगेवर बोटाने टिचकी मारली. आतून किणकिणलं. "डबा?"

महांतेशने बॅग पोटाशी ओढून घेतली.

"माझ्या आजीच्या दारात असल्या चार घंटा टांगलेल्या असायच्या रे. आल्या आल्या ओळखलं मी. आणि ते वाऱ्याबरोबर आवाज येतो वगैरे, तीन वेळा! मी काय बहिरी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणतोस ना, जे दिसलं नाही ते माहीत धरायचं नाही." ती हसली. मग तिने आवाज खाली आणला. "तिला सांग, येते म्हणावं. अनवाणी येते, पण चालत येते. मधला एकही पल्ला गाळायचा नाही."

"तिकडं गेल्यावर कोण येतंय?" महांतेशच्या आवाजात दिवसभराचा सगळा वैताग एकदम उतरला. "दयानंद असंच म्हणाला होता. म्हणून तर आज संपवायचं होतं मला. गेलेला माणूस परत येत नाही, सोनम."

"दयानंदला तू गादीवर बसवून पाठवलंस. आता राजा कशाला उठून येतोय?" तिने टॅक्सीचं दार उघडलं. "माझे तर अजून जोडेसुद्धा राक्षसाकडं आहेत."

टॅक्सीवाला काहीतरी पुटपुटला. ती आत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "आणि तबक कॅमेऱ्यासमोर ठेवायचं. मला फासा दिसला पाहिजे."

टॅक्सी कोपऱ्यावरच्या नारळवाल्याला वळसा घालून दिसेनाशी झाली. चंदना डोळे पुसत आत गेली. महांतेश फाटकाशीच उभा होता.

"मग शेवटी जिंकलं कोण?" जयसिंगरावांनी त्याला विचारलं.

महांतेशने जरा विचार केला. "राक्षस, अप्पा," तो म्हणाला. "सहा जोडे घेतले त्याने."

परत जाताना मेट्रोला गर्दी होती आणि मॅजेस्टिकला बदलताना तर धक्काबुक्कीच झाली. त्या माश्यांवरचा त्याचा राग अजून गेला नव्हता. पुढच्या वेळी पहिल्या पल्ल्यापासून सगळं पुन्हा चालायचं होतं, पाच फासे, आणि त्यांत किती एक पडतील कोण जाणे. बॅगेतली घंटा प्रत्येक धक्क्याला वाजत होती आणि शेजारची माणसं वळून बघत होती. घंटेभोवतीचे रुमाल सुटून बॅगेच्या तळाशी गेले होते. त्याने ते पुन्हा गुंडाळले नाहीत.